जोमा तांडेलाचा उशीर

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या एका लहानशा गावात जोमा नावाचा तांडेल राहत होता. होडीचं सुकाणू ज्याच्या हाती, तो तांडेल. ही गोष्ट फार जुनी, होड्यांना नुकतीच कुठे इंजिनं बसू लागली होती तेव्हाची.

जोमा पहाटे होडी लोटायचा आणि भरतीबरोबर परत यायचा. मासळी त्याची बायको मथुरा बाजारात नेऊन विकायची. तो बोलायला कमी, पण घरी आला की आधी पोरांची चौकशी करायचा, कोण जेवलं, कोण रुसलं. मग जाळं विणायला बसायचा आणि चारही पोरं त्याच्या भोवती गोळा व्हायची. थोरली केशर तर चालायला लागल्यापासून त्याची वाट बघत किनाऱ्यावर उभी असायची.

त्या केशरचं लग्न ठरलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना मासळीचं जेवण द्यायचं होतं, आणि ती मासळी आपण स्वतः आणायची असं जोमाच्या मनात होतं. मुहूर्त दुपारचा होता. म्हणून तो आदल्या दिवशी निघाला आणि लग्नाच्या सकाळी भरली होडी घेऊन परत फिरला. बरोबर त्याचा मेहुणा हिरू आणि दोन खलाशी होते.

वारा वाढला होता. किनाऱ्याची माडाची रांग दिसू लागली, तेवढ्यात हिरूला दूर एक होडी दिसली. तिची डोलकाठी मोडली होती. एक माणूस वल्ह्याला धोतर बांधून हलवत होता. होडीत पाणी शिरलं होतं, नांगर धरत नव्हता आणि ती हळूहळू खडकांकडे सरकत होती.

जोमाने सुकाणू वळवलं.

हिरू म्हणाला, “भाऊजी, आज केशरचं लग्न आहे. ती होडी ओढत न्यायची तर दिवस मावळेल. आपण गावात जाऊन दुसऱ्या कोणाला तरी पाठवू.”

“दुसरं कोणी येईपर्यंत ते खडकावर आदळलेले असतील.”

“आणि मांडवात पोर विचारेल, बाबा कुठे आहेत, तर?”

जोमाने एकदा माडांच्या रांगेकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. “ती माझी पोर आहे,” तो म्हणाला. “तिला कळेल. तू दोर काढ.”

दोनदा दोर फेकला, दोनदा तो पाण्यात पडला. तिसऱ्यांदा त्या होडीतल्या माणसांच्या हाती लागला. त्या होडीत पाच जण होते, परक्या गावचे. ते पाणी उपसत राहिले आणि जोमाची होडी बैलगाडीच्या चालीने किनाऱ्याकडे निघाली.

इकडे मांडवात मुहूर्त जवळ आला. भटजी सारखे उन्हाकडे बघत होते. नवऱ्या मुलाचे वडील मथुरेला म्हणाले, “विहीणबाई, मुलीचे काका आहेत. कन्यादान ते करतील. किती वेळ थांबायचं?”

मथुरा काही बोलणार, तोच केशर पुढे आली. हळदीने पिवळी झालेली, मुंडावळ्या बांधलेली.

“मामंजी, रागावू नका,” ती म्हणाली. “माझे बाबा उगाच कुठे थांबायचे नाहीत. आज थांबलेत, म्हणजे तिथे कोणाला तरी माझ्यापेक्षा त्यांची जास्त गरज पडली असेल. ते आल्याशिवाय मी उभी राहणार नाही.”

मांडवात कुजबुज झाली. तेव्हा नवऱ्या मुलाची आजी काठी टेकत उठली. तिचा नवरा समुद्रातच गेला होता. ती आपल्या मुलाला, म्हणजे नवऱ्या मुलाच्या वडिलांना म्हणाली, “बस खाली. दर्यावर गेलेल्या माणसाची वाट बघायची असते. मी चाळीस वर्षं बघतेय, तुला एक दुपार जड झाली?”

नवऱ्या मुलाचे वडील खाली बसले. दुपारचा मुहूर्त टळून गेला.

दिवेलागणीला कोणीतरी धावत येऊन सांगितलं की जोमाची होडी आली. सगळा मांडव किनाऱ्यावर गेला. पुढे जोमाची होडी होती आणि मागे दोराला बांधलेली ती मोडकी होडी. पाच माणसं उतरली आणि वाळूवरच बसली.

जोमा व्याह्यांपुढे हात जोडून उभा राहिला. “माझ्यामुळे मुहूर्त चुकला.”

व्याह्यांनी त्या पाच जणांकडे पाहिलं. मग जोमाचे जोडलेले हात सोडवून ते म्हणाले, “भटजी दुसरा मुहूर्त काढतील. अशा घरची मुलगी मला दुसरी मिळणार नाही.”

दिव्यांच्या उजेडात लग्न लागलं. ओल्या कपड्यांनीच जोमाने कन्यादान केलं.

पुढे जोमा पुष्कळ वर्षं जगला. पोरांची लग्नं केली, नातवंडांना पोहायला शिकवलं, आणि एका सकाळी अंथरुणातच शांतपणे गेला. त्या दिवशी गावातली एकही होडी पाण्यात उतरली नाही.

दहाव्या दिवशी परगावाहून तीन होड्या भरून माणसं आली. त्या पाच जणांपैकी दोघेच आता उरले होते. बाकी त्यांची मुलं, सुना, नातवंडं. त्या दोघांतला एक म्हातारा केशरजवळ बसला.

“बाई, एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल,” तो म्हणाला. “त्या दिवशी तुमचं लग्न होतं हे आम्हाला इथे किनाऱ्यावर लागल्यावर कळलं. वाटेत आम्ही ओरडून विचारलं होतं, तांडेल, तुम्हाला घाई तर नाही ना? ते म्हणाले, नाही, सावकाश जाऊ. दोर तुटायला नको.”

दहा दिवस केशर सारखी रडत होती. आता तिने पदराने डोळे पुसले, मान ताठ केली आणि आपल्या नातवंडांना हाका मारल्या. “इकडे या रे,” ती म्हणाली. “तुमचे पणजोबा कोण होते, ते या आजोबांकडून ऐका.”

या गोष्टीचं तात्पर्य असं: जो दुसऱ्याच्या लेकरांचा बाप घरी पोचवतो, त्याला उशीर झाला तरी त्याच्या लेकरांची मान कायम ताठ राहते.