फौजदाराची वाटी बुडेना

निंबसरच्या तुरुंगात कैद्याला भेटायचं म्हणजे शिंकेएवढं काम! शिंक आली, की भेट संपली.

फौजदार दाजीसाहेबांनी दाराशी भली मोठी पाटीच लावली होती. भेट फक्त सोमवारी. एका वेळी एकच माणूस. डबा आणला तर आधी फौजदार चाखणार. (आता चाखणं म्हणजे काय, चार लाडवांतले तीन चाखण्यातच जायचे!) आणि शेवटचा नियम असा, की वाटी बुडेपर्यंतच भेट, आणि वाटीला कुणी हात लावायचा नाही.

लग्नात मुहूर्त साधायला घंगाळातल्या पाण्यावर भोकाची वाटी सोडतात ना, तसलीच ही. बारीक भोकातून पाणी चढतं, वाटी भरते, मग बुडते. पण फौजदारांना दुपारची झोप प्यारी. त्यांनी भोक पाडून घेतलं होतं अंगठ्याएवढं! वाटी सोडली, की गुडुप!

त्यातून तांबटाच्या भिवराबाईचं दुखणं निराळंच. तिचा नवरा केरोबा महिन्याच्या शिक्षेवर आत होता. गुन्हा काय, तर राजेसाहेबांची पालखी आळीतून गेली तेव्हा त्यानं हातोडी थांबवली नाही. मान खाली घालून हंडा ठोकणाऱ्याला पालखी दिसणार कशी? आणि बोलायला हा माणूस इतका सावकाश, की 'हो' म्हणायच्या आधी घसा खाकरणार, मिशी पुसणार, आढ्याकडे बघणार. गेल्या दोन्ही सोमवारी त्याचं "अं…" होईस्तोवर वाटी तळाला गेली होती.

आणि आज, तिसऱ्या सोमवारी, तर घरी पाहुणे! थोरल्या पोरीला पसंत करून बसलेले. स्थळ असं, की दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही. पण बापाचा होकार आणि बापाच्या हातची सुपारी, ही दोन्ही झाल्याशिवाय लग्न ठरायचं कसं? विहीणबाईंनी पान लावता लावता ऐकवलंच, "दिवस मावळायच्या आत आम्ही गाडी जुंपणार हो. पुढच्या गावी दुसरी मुलगी बघायचीय."

भिवराबाई तडक तुरुंगाशी आली.

"फौजदारसाहेब, ही तुमची वाटी नव्हे, हा तर दगड! जरा बारीक भोकाची ठेवा."

"अगं ए तांबटीणबाई, मला शिकवतेस?" फौजदार खवळले. "एवढी टिकणारी हवी तर आण घडवून! पण भोक एवढंच हवं. हा माझा अंगठा त्यातून आरपार गेला पाहिजे!"

"आणि ती तरंगली तर?"

"तर ती बुडेपर्यंत बस बोलत! दिवाळीपर्यंत बस!"

"मग लिहा की पाटीवर. उद्या तुम्ही विसराल, मी बापडी भांडत बसेन."

शिपाई फिदीफिदी हसले. फौजदारांनीही हसत हसत खडूनं ठळक लिहिलं आणि खाली सही ठोकली.

भिवराबाई घरी गेली. दुकानातली पातळ पत्र्याची तांब्याची वाटी घेतली, ऐरणीवर धरली, खिळा ठेवून चार घाव घातले. भोक कानशीनं अंगठ्याएवढं वाढवून गुळगुळीत केलं आणि घटकाभरात परत हजर!

फौजदारांनी अंगठा घातला. आरपार गेला.

"सोड आता पाण्यात!"

वाटी सोडली. सगळे वाकून बघतायत. वाटी आपली डुलतेय. डुलतेय म्हणजे डुलतेच आहे!

"अहो, भोक तर काठाला लागून पाडलंय हिनं!" एक शिपाई ओरडला.

"मग?" भिवराबाई म्हणाली. "साहेबांनी मोठं किती ते सांगितलं. कुठं ते सांगितलं नाही. पाणी तिथवर चढलं, की बुडेल हो!"

केरोबाला बाहेर आणलं. तिनं सारं सांगितलं. त्यानं घसा खाकरला. मिशी पुसली. आढ्याकडे बघितलं. आढ्यावरचं कोळिष्टकसुद्धा नीट बघून घेतलं, आणि मग म्हणाला, "हो!"

होकार मिळाला. पण सुपारी? ती तर घरी पाहुण्यांसमोरच फोडायची! भिवराबाईनं ऐसपैस मांडी ठोकली आणि माहेरच्या म्हशीपासून गोष्टी काढल्या. फौजदारांचं जेवण निवलं, झोप उडाली. त्यांनी वाटी बुडवायला हात पुढं केला तशी ती म्हणाली, "अंहं! वाटीला कुणी हात लावायचा नाही!"

फौजदार तणतणत वाड्यावर गेले आणि खुद्द राजेसाहेबांनाच घेऊन आले.

राजेसाहेबांनी पाटी वाचली, वाटी बघितली, मिशीतल्या मिशीत हसू दाबलं. "बाई, हुशार आहेस. पण शिक्षा महिन्याची. दिलेला शब्द मी फिरवत नाही."

"कशाला फिरवता, सरकार? ह्यांना सोडा असं मी म्हणतेय कुठं? वाटी बुडेपर्यंत भेट, एवढंच मागतेय. आता ही भेट कुठं बसून करायची, ते काही पाटीवर नाही. माझ्या घरी पाटावर बसून करतो! पहाऱ्याला फौजदारसाहेब आहेतच."

"आणि वाटी?"

"घंगाळासकट येईल की! हात लावायची मनाई वाटीला आहे, घंगाळाला कुठंय?"

राजेसाहेब असे हसले, की डोक्यावरचा मंदील कानावर आला! "दाजीसाहेब, उचला घंगाळ! डोक्यावर घ्या. आणि सांभाळून हं, वाटी बुडाली तर उरलेला महिना तुम्ही आत!"

दिवस कासराभर उरला असताना केरोबानं सुपारी फोडली. दाराशी फौजदार घंगाळ डोक्यावर घेऊन मान ताठ धरून उभे. राजेसाहेब मागोमाग आले होते. त्यांनी पोरीच्या ओटीत भरजरी शालू घातला, लग्नाचा मांडव सरकारातून घालायचा हुकूम दिला आणि केरोबाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझी शिक्षा काही माफ नाही बरं! उरलेला महिना इथंच भेटीत काढ!"