नकलेवर सही

मंडळी, विकत घ्यायला आलेलाच मालाला नावं ठेवू लागला, तर विश्वास कुणावर ठेवायचा?

माझं जुन्या फोटोंचं दुकान. नलिनीबाई वागळे एक फोटो विकायला घेऊन आल्या. त्यांच्या दिवंगत यजमानांनी अठ्ठावन्न साली साडीच्या जाहिरातीसाठी काढलेला. नायलॉनची साडी, काळा चष्मा, फियाटला टेकलेली बाई. बडे संग्राहक धुरंधरसाहेब दुकानातच होते. त्यांनी भिंग लावलं आणि नाक मुरडलं.

"बाई, ही अलीकडची नक्कल. तुमच्या यजमानांच्या हातची नव्हेच. फ्रेमचे म्हणून शंभर देतो."

"न्या की शंभरात," नलिनीबाई म्हणाल्या. "फक्त मागे शाईने 'ही नक्कल आहे' असं लिहून सही करा. तुमचा शब्द बाजारात चालतो म्हणे."

साहेबांनी पेन उघडलं, ते उघडंच राहिलं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी फोटोची पाठ बघतं. तिथे अशी सही दिसली, की पुढे तो फोटो कुणीच घेत नाही.

"पुन्हा बघतो," साहेब म्हणाले. या खेपेस भिंग न लावताच फोटो अस्सल निघाला. चाळीस हजार देऊन घेऊन गेले.

तेव्हा मंडळी, सही करून देता येईल तेवढंच बोला, आणि हिशेब चोख ठेवा.