भिकाआजीची घोंगडी

खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर तरीत बसावं लागायचं, त्या काळातली ही हकिकत. निवळवणे गावात भिकाआजी नावाची म्हातारी होती. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी तिचं नाव भिकी ठेवलं, आणि ती जगली ती अशी की तिनं गावाच्या तीन पिढ्या बऱ्या केल्या. वय विचारलं की म्हणायची, "रतांब्याच्या झाडास इचारा." कुणाच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की ती त्याच झाडाची आमसुलं पाण्यात कोळायची, ते पाणी अंगाला चोळायची आणि माणसाला आपल्या काळ्या, खरखरीत घोंगडीत गुंडाळायची. तिच्या आमसुलांच्या मडक्याचा तळ कुणी पाहिला नाही, असं म्हणतात.

एका शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरत होती. पालखी गावात आहे तोवर खांदेकऱ्यांनी मासळी खायची नाही आणि बाईनं दांड्याला हात लावायचा नाही, हे दोन्ही नियम देवीइतकेच जुने. बंदरवाडीत दुपारचा विसावा घेऊन पालखी निघाली, तर उतारावर ती कलली. शेजारून येसू चालली होती. त्याच वर्षी लग्न होऊन आलेली, खांदेकरी तानूची बायको. तिनं झटकन दांड्याला हात दिला आणि देवी सावरली.

पण पालखी टेकवायच्या सहाणेवर पोचेपर्यंत चौघाही खांदेकऱ्यांचे कान लाल झाले, ओठ सुजले आणि पाठीवर घावनाएवढ्या गांधी उठल्या. चौघं माकडासारखे खाजवू लागले. धाकू गुरवानं नारळ फोडला, आत पाहिलं आणि निकाल दिला, "देवी कोपली. ही बाई दिस मावळायच्या आत तरीत बसवा नि म्हायेरास धाडा."

तानू खाली मान घालून खाजवत राहिला. देवीनं टाकलेल्या मुलीला माहेरीही कुणी दारात उभं करत नाही, हे येसूला ठाऊक होतं. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि गाठोडं बांधायला घेतलं. तिला फार वाईट वाटलं, पण ती रडली नाही.

तेवढ्यात भिकाआजी मडकं आणि घोंगडी घेऊन आली. आधी तिनं येसूचा हात धरला आणि सगळ्यांपुढे उलटासुलटा करून दाखवला.

"दांड्यास हात हिचा लागला. देवीस कोपायचा असता तर पयली गांध ह्या हातावर उठली असती. बघा, हाय काय कुठं?" मग ती खांदेकऱ्यांकडे वळली. "आता तुमी काय खाल्लाव ता सांगा. खरा सांगंल त्यासच घोंगडी."

चौघं एकमेकांच्या आड सरकू लागले. पण खाज कुणाची भीड ठेवत नाही. थोरला खांदेकरी पहिला फुटला. बंदरवाडीत त्यांनी चोरून बांगडे भाजले होते, तेही सकाळपासून उन्हात पडलेले. दुसरा म्हणाला, मी एकच खाल्ला. त्याच्या गांधी तिथल्या तिथं दुपटीनं फुगल्या आणि 'चार' म्हटल्यावरच बसल्या, असं म्हणतात. तिसऱ्यानं ते पाहून न विचारताच मोजून सांगितले.

राहिला तानू. "मीपन खाल्लाय," तो पुटपुटला.

"ता मला नको सांगू. तिला सांग."

तानू येसूसमोर उभा राहिला. त्याचे डोळे सुजून मिटत आले होते. "मला समदा ठावूक व्हता," तो म्हणाला. "तू गाठोडा बांधत व्हतीस, तरी मी गप ऱ्हायलो."

भिकाआजीनं मग त्याच्याही अंगावर आमसुलांचं पाणी ओतलं. एका माणसापुरती ती घोंगडी चौघांवर पसरली तरी उरली आणि चौघांचं अंग पाटीसारखं कोरं झालं, असं म्हणतात. येसूनं गाठोडं काही लगेच सोडलं नाही, आणि त्याबद्दल गावानं तिला बोल लावला नाही.

भिकाआजी पुढे केव्हा गेली, कुणाला सांगता येत नाही. पण निवळवण्यात आजही शिमग्याला पालखी उचलण्याआधी चौघं खांदेकरी सहाणेवर उभे राहतात आणि भिकाआजीचं नाव घेऊन, सकाळपासून काय काय खाल्लं ते मोठ्यानं सांगतात. ऐकायला त्यांच्यासमोर उभी असते गावातली सगळ्यांत नवी सून. ती "उचला" म्हणाली, की मगच पालखी उठते.