खोऱ्यात विरलेली फौज

कुणाच्या पणजोबालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एका खडकाळ पठारावर एक राज्य होतं. तिथली माणसं काटक, घोडे चपळ, आणि जमीन अशी की पेरलेलं उगवेल याचा भरवसा नाही. सलग तीन वर्षं पाऊस रुसला, तेव्हा तिथल्या राजाला घास गोड लागेना.

राजा वाईट नव्हता हो. प्रजा अर्धपोटी निजते, हे त्याला बघवत नव्हतं. पण कड्यावर उभं राहून खाली पाहिलं की नदीकाठचं हिरवंगार खोरं दिसायचं. तिथे वीस गावं होती, भाताची खाचरं होती. राजा मात्र नव्हता आणि सैन्यही नव्हतं.

राजाने आपला सेनापती धारोजी याला बोलावलं. धारोजीची साठी उलटली होती. बायको कधीच देवाघरी गेली होती, मूलबाळ नव्हतं. फौज हाच त्याचा संसार.

"धारोजी, खोरं घ्या," राजा म्हणाला. "गावोगाव आपलं निशाण लावा. प्रत्येक गावात वीस शिपाई ठेवा. सुगी झाली की पिकाचा तिसरा हिस्सा वर यायला हवा."

धारोजीची छाती फुगली. हातून आणखी एक पराक्रम घडेल, असं त्याला वाटलंच नव्हतं. चैत्र संपता संपता चारशे शिपाई घेऊन तो घाट उतरला.

पहिल्या गावात लढाई झालीच नाही. घोडे दिसताच सगळं गाव रानात पळालं, आणि संध्याकाळी सगळं गाव परत आलं. कारण गाई पान्हावल्या होत्या, वासरं हंबरत होती. गावातली सर्वांत वडीलधारी बाई रेवाआजी. ती धारोजीसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मारणार नसाल तर सांगा, किती पानं वाढायची?"

धारोजीने निशाण रोवलं, हिस्सा सांगितला, आणि कान्हू नावाच्या तरण्याबांड नाईकाच्या हाताखाली वीस शिपाई ठेवून तो पुढे निघाला. दुसऱ्या गावात तेच झालं, तिसऱ्यातही तेच. गाव जिंकावं आणि वीस माणसं मागे ठेवावीत. असं करत विसावं गाव घेतलं, तेव्हा सेनापती एकटाच परत निघाला.

राजाने त्याला मिठी मारली. नगारे वाजले. आता पोरांना पोटभर भात मिळणार, म्हणून पठारावरच्या बायाबापड्यांनी धारोजीवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या.

पावसाळा सरला. सुगी झाली. वर एक दाणा आला नाही.

राजाने जासूद धाडला. तो परतला नाही. दुसरा धाडला, तोही तिकडचाच झाला. तेव्हा राजाचा संताप अनावर झाला.

"शंभर घोडेस्वार घेऊन जा," त्याने धारोजीला फर्मावलं. "धान्य तरी आणा, नाहीतर फितुरांची मुंडकी आणा."

धारोजी रागाने धुमसत घाट उतरला. पहिल्या गावात शिरतो तर काय? निशाणाच्या काठीला निशाणच नव्हतं. त्या फडक्यात कुणीतरी दही बांधून चक्का टांगला होता, आणि त्यातून पाणी निथळत होतं.

शिपाई शेतात होते. कान्हू गुडघाभर चिखलात उभा राहून बांधाला दगड लावत होता. धारोजीला पाहताच त्याने हात धुतले आणि मुजरा केला.

"धान्य कुठाय?" धारोजी गरजला.

"सरदार, श्रावणात नदी कोपली," कान्हू म्हणाला. "बांध फुटला. सगळं गाव पाण्यात उतरलं, म्हातारीकोतारीसुद्धा. आम्ही वीस जण हातात भाले धरून काठावर नुसते उभे राहणार होतो का? आम्हीही उतरलो. निम्मं पीक वाचलं. बाकीच्या एकोणीस गावांतही हीच गत. त्यातला तिसरा हिस्सा काढला तर पुढच्या पेऱ्याला बी उरत नाही."

"खाल्ल्या मिठाला जागायचं विसरलास तू!"

"नाही विसरलो. महाराजांनी मागितला तर जीव देईन. पण मी आता या गावचा जावई आहे, सरदार. इथल्या चुलीवरचं मीठही माझ्या पोटात गेलंय. घरातल्या माणसांचं बियाणं मी कसं उचलू?"

धारोजीने तलवार उपसली. कान्हू जागचा हलला नाही. या पोराच्या हातात पहिली तलवार धारोजीनेच दिली होती. मूठ कशी धरायची, तेही त्यानेच शिकवलं होतं.

तेवढ्यात रेवाआजी काठी टेकत आली. "मारायचं तर मार बाबा," ती म्हणाली, "पण आधी घोडा बांधावरून खाली घे. त्याच्या टापांनी बांध खचतोय, आणि तो याच पोरांनी रचलाय."

धारोजीने खाली पाहिलं. खरंच, ओली माती ढासळत होती. तो घोड्यावरून उतरला.

त्याने मागे वळून पाहिलं. त्याच्या शंभरातला एक स्वार आपल्या धाकट्या भावाच्या गळ्यात पडून रडत होता. दोघे-तिघे घोडे बांधून दगड द्यायला लागले होते. आपण हुकूम सोडला तर कुणाचा हात उठेल? आणि उठलाच, तर तो कुणावर पडेल?  धारोजीने तलवार म्यानात घातली.

तो एकटाच घाट चढला.

"धान्य?" राजाने विचारलं.

"नाही, महाराज."

"मग मुंडकी?"

"तीही नाहीत." धारोजीने तलवार राजाच्या पायाशी ठेवली. "आणखी हजार माणसं धाडा, तीही तिथलीच होतील. त्यांनी दगा दिला नाही, महाराज. आपण खोरं घ्यायला माणसं पाठवली, आणि खोऱ्याने आपली माणसं घेतली."

राजाने त्याचं सेनापतिपद काढून घेतलं. "मीच जातो," तो म्हणाला, आणि उरलासुरला पहारा गोळा करून चौथ्या दिवशी घाटमाथ्यावर पोहोचला. बघायला सगळं नगर लोटलं. गर्दीत बिनतलवारीचा धारोजीही होता.

आणि राजा थबकला. खालून माणसांची लांबच लांब रांग चढून येत होती. पुढे कान्हू. प्रत्येकाच्या डोक्यावर पोतं.

राजाचा चेहरा उजळला. "आला! अखेर माझा हिस्सा आला!" असं म्हणत त्याने घोडा पुढे काढला आणि पोत्याकडे हात केला.

कान्हूने पोतं उतरवलं आणि त्याच्या पायांना हात लावला. "महाराज, हा हिस्सा नाही. वर माझी आई आहे, तिच्यासाठी आणलंय. आमच्या आया वर उपाशी आहेत हे आम्ही सांगितलं, तेव्हा गावानेच आपल्या घासातला घास काढून दिला."

त्याच्या मागचा म्हणाला, "माझं हे भावाच्या लेकरांना." तिसरा सरळ आपल्या घराच्या वाटेला लागला.

पोती हिसकावून घेणं राजाला अवघड नव्हतं. पण पहारेकऱ्यांनी माना वळवल्या. त्यांच्याही घरी पोती चालली होती. राजाचा पुढे केलेला हात तसाच राहिला. एकही पोतं त्याच्या कोठाराकडे गेलं नाही.

शेवटी कान्हूने एक लहान गाठोडं धारोजीपुढे ठेवलं. "सरदार, तुम्हाला मागेपुढे कुणी नाही, म्हणून रेवाआजीने हे वेगळं बांधून दिलंय."

धारोजीचे डोळे भरून आले. ज्या बाईच्या गावात तो तलवार उपसून उभा राहिला होता, तिने त्याच्या भुकेची आठवण ठेवली होती. त्याने गाठोडं उचललं आणि राजाजवळ गेला.

"महाराज," तो हलकेच म्हणाला, "आज माझ्याकडे जेवायला चला."

राजाने एकदा खोऱ्याकडे पाहिलं. मग तो घोड्यावरून उतरला आणि पायी धारोजीच्या घरी गेला. दोघांनी एका पंक्तीला बसून गरम भात खाल्ला. राजा मान खाली घालून जेवत होता. जेवता जेवता तो म्हणाला, "धारोजी, मी आधी नुसतं मागितलं असतं तर?"

धारोजीने त्याच्या पानात आणखी भात वाढला.

स्वारी तिथेच मोडली. त्या खोऱ्यावर त्या राजाचं राज्य कधीच झालं नाही. पण दर सुगीला लेकांची धान्याची पोती घाट चढत राहिली, दर हिवाळ्यात आयांनी विणलेली घोंगडी घाट उतरत राहिली, आणि पठारावर पुन्हा कुणी उपाशी निजलं नाही.

म्हणून म्हणतात, बळाने घेतलेलं हातात राहत नाही आणि नात्याने आलेलं सरत नाही.