जुन्या गाडीचे नवे शॉकअप

कोल्हापूरच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात अध्यक्ष रणदिवे हिंदुरावांच्या टू-स्ट्रोक मोटारसायकलीपाशी थबकले. तिला भंगारातून स्वस्तात आणलेले आजकालचे शॉकअप जोडलेले होते.

"अस्सल गाडीला हे ठिगळ?" अध्यक्ष सगळ्यांदेखत गरजले. "माझी गाडी बघा, एक स्क्रूही बदललेला नाही!"

हिंदुराव शरमेनं काळेठिक्कर पडले. "चुकलं साहेब," एवढंच पुटपुटले.

तोच त्यांची पत्नी शालन पुढं झाली. "साहेब, खड्ड्यांच्या हादऱ्यांनी माझी कंबर दुखते म्हणून यांनी ते बसवले. मी या गाडीवर बसून गारगोटीहून आले. तुमची गाडी मात्र टेम्पोत बसून आली!"

मंडपभर हशा पिकला. अध्यक्षांनी काढता पाय घेतला.

हिंदुरावांची मान मात्र वर होईना. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तिच्यासमोरच आपण त्याला चूक म्हणालो, याची त्यांना आता जास्त लाज वाटत होती.