तीन मुठी बाजरी

एका राज्यात डाळिंबाला फार मान होता आणि बाजरीला अजिबात नव्हता. त्याचं कारण असं, की त्या राज्यात बातम्या पक्षी आणत. पोपट उत्तरेची आणी, साळुंकी पूर्वेची, भारद्वाज दक्षिणेची. पश्चिमेला नुसता डोंगर होता, तो काही बोलत नसे. पक्षी दरबारात येऊन माणसासारखे बोलत, आणि बातमीतला गोड भाग संपला की प्रधान चटकन त्यांच्या चोचीत डाळिंबाचा दाणा घाली. दाणा आला की पक्षी गप्प, आणि दरबार म्हणे, "वा!" पक्षी कधी खोटं बोलले नाहीत. त्यांना पुरतं बोलू दिलं नाही, एवढंच.

राज्यात मंजिष्ठा पिके. तिच्या मुळांचा लाल रंग दूरदेशी जाई आणि त्याच्या बदल्यात खायचं धान्य येई. लांब कुठे काही घडलं, तर त्याचं आपल्या दारात काय होईल, हा अन्वय सांगण्याचं काम एका घराण्याकडे होतं. त्या घराण्यात पुरुष फार टिकत नसत.

कारण सिंहासनावर शाप होता. राजाच्या आजोबाने एका मायावी पुरुषाकडे वर मागितला होता, "माझ्या दरबारात कडू बोल कानी पडू नये."

मायावी म्हणाला, "पडणार नाही. जो कडू अन्वय सांगू जाईल, तो बोलता बोलता पाषाण होईल. सिंहासनावर बसलेल्याच्याच मुखातून तो निघेल, तेव्हा हे सुटेल."

"म्हणजे कधीच नाही," आजोबा म्हणाले. "छान झालं."

तेव्हापासून दरबारात दहा पाषाण उभे होते. कुणाचं बोट वर, कुणाचं तोंड उघडं. दरबाऱ्यांना त्यांची सवय झाली होती. उकाड्यात ते आपली उपरणी त्यांच्या खांद्यांवर टाकून बसत.

चारुशीलेचं लग्न अन्वय सांगणाऱ्या सोमदत्ताशी झालं, आणि नवव्या दिवशी अकरावा पाषाण उभा राहिला.

झालं ते असं. तिन्ही पक्ष्यांनी गोड बातम्या आणल्या. राजाने फर्मान काढलं, की यंदा उरलीसुरली धान्याची शेतं आणि गुरांची कुरणंसुद्धा मंजिष्ठेखाली आणावीत. सोमदत्त उठून म्हणाला, "महाराज, असं करू नका. नाहीतर—" आणि 'नाहीतर' वरच त्याच्या ओठांचा दगड झाला. नवऱ्याची चारुशीलेला अजून नीटशी ओळखही नव्हती. दूध गार असलं तरी तो त्यावर दोनदा फुंकर घालतो, एवढं तिला ठाऊक होतं.

शेजारणी म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची."

सासू भामाबाई दारातूनच ओरडली, "मलाही हेच म्हणाला होतात! चोवीस वर्षं झाली, काहीतरी नवीन शोधा की गं!"

भामाबाईचा नवरा यज्ञदत्त दरबारातला तिसरा पाषाण. तिच्या बाळंतपणाला महिनाही झाला नव्हता तेव्हा तो गेला. गेला म्हणजे उभा राहिला. दर सणाला ती जाऊन त्याच्यावरची धूळ पुसून येई.

चारुशीला कमी बोले. नव्या सुनेला घर कुणी समजावून सांगत नाही. ते तिला भांड्यांच्या आवाजावरून ओळखावं लागतं. पिंप किती वेळा उघडलं, कोण कुणाच्या ताटाकडे बघत नाही, यावरून महिनाअखेरीचं आजच कळतं. पक्षी राहायला याच घरी होते. घरात डाळिंब कुठलं, बाजरीच असायची. म्हणून घरी ते बातमी शेवटपर्यंत सांगत. निवडटिपण करता करता तिने तिन्ही ऐकल्या, आणि नवऱ्याचं वाक्य कुठे जात होतं ते तिला कळलं.

त्या राज्यात रीत होती. नव्या सुनेने सोळा दिवसांच्या आत घरातल्या मुक्या जीवांना तीन मुठी दाणा घालावा आणि घरच्या कर्त्याला तीन प्रश्न विचारावेत. कर्त्याने खरं उत्तर द्यावं. सोळा दिवसांनंतर सुनेने काही विचारू नये.

पंधराव्या दिवशी ती म्हणाली, "सासूबाई, माझे तीन प्रश्न राहिलेत."

"विचार बाई. मीठ वरच्या फळीवर, मिरची खालच्या. कर्ता आता मीच."

"इथे नाही. हे घर राजाच्या पदरी आहे. मोठा कर्ता राजा."

भामाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "मला का नाही गं सुचलं हे?"

"तुमचे सोळा दिवस कधीच सरले होते. कडेवर मूल होतं."

भामाबाईने सुनेच्या ओटीत तीन मुठी बाजरी घातली, आणि दोघी दरबारात गेल्या.

प्रधान म्हणाला, "हे काय? बाजरी?"

"रीत आहे," चारुशीला म्हणाली. "मुक्या जीवांना."

"हे मुके कुठे आहेत?"

"घरी नाहीत. इथे आहेत."

राजाला हसू आलं. तो म्हणाला, "विचार, मुली. घर मोठं आहे, हरवशील."

तिने पोपटापुढे पहिली मूठ धरली. पोपट म्हणाला, "उत्तरेच्या दोन वैरी राजांची सोयरीक झाली, आनंद झाला!" प्रधानाने डाळिंब उचललं, पण पोपट आधीच बाजरी टिपत होता. टिपता टिपता पुढे म्हणाला, "सैन्यं घरी गेली. निशाणं पेटाऱ्यात गेली."

"महाराज, आपला लाल रंग सगळ्यांत जास्त कोण नेतं?"

"उत्तरेची सैन्यं. निशाणांना आणि अंगरख्यांना."

दुसरी मूठ साळुंकीपुढे. "पूर्वेला घरोघरी बायका लाल लुगडी नेसल्या, शोभा आली! एक मायावी काळ्या दगडातून लाल रंग पिळतो. मातीच्या मोलाने देतो."

"सैन्यांना देऊन उरलेला रंग कोण नेतं?"

"पूर्वेच्या बायका," राजा म्हणाला. हसू जरा कमी झालं होतं.

प्रधान पुढे आला. "महाराज, मुलगी दमली असेल."

"अजून एक मूठ उरलीय, मग दमेन," चारुशीला हळूच म्हणाली, आणि तिने तिसरी मूठ भारद्वाजापुढे केली.

"दक्षिणेची कोठारं भरली, सुबत्ता आली! आणि तिथल्या राणीने घाट बंद केला. दाणा बाहेर जाऊ द्यायचा नाही, अशी आज्ञा."

"महाराज, आपण जेवतो ते धान्य कुठून येतं?"

"दक्षिणेहून. रंग उत्तरेला आणि पूर्वेला जातो, त्यावर दक्षिणेहून..." राजा थांबला. त्याने फर्मानाकडे पाहिलं, मग अकरा पाषाणांकडे. बाईला उत्तर अर्धवट देणं रीतीला धरून नव्हतं. तो म्हणाला, "यंदा रंग घेणारं कुणी नाही आणि धान्य देणारंही कुणी नाही. सगळीकडे मंजिष्ठा लावली तर माझी माणसं उपाशी मरतील."

शब्द बाहेर पडले तशी राजाची करंगळी दगडाची झाली. करंगळीपाशीच शाप थांबला, कारण तिथेच तो तुटला.

मग पाषाण हलले. आणि ज्याचं वाक्य जिथे राहिलं होतं, तिथून त्याने पुरं केलं.

"—नाहीतर लोक उपाशी मरतील!" सोमदत्त ओरडला.

"ते आम्ही आत्ताच सांगितलं," राजा म्हणाला.

"—म्हणून वरात त्या पुलावरून नेऊ नका!" एक म्हातारा म्हणाला. त्या वरातीतल्या नवरीला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. "—टोळ येतील!" दुसरा म्हणाला. टोळ येऊन, खाऊन, केव्हाच गेले होते. दहाही जण एकेक करून बोलले, आणि दरबारात प्रत्येकाला त्या त्या वर्षाचं आपलं माणूस आठवलं.

"—आठ दिवसांत नदी फुगेल. खालची आळी हलवा!" तिसरा पाषाण म्हणाला. यज्ञदत्त पंचविशीचा होता, केस काळेभोर. सोमदत्ताशेजारी उभा राहिला तर भाऊ वाटावा.

भामाबाई पुढे झाली. "हलवली हो. जेवढी हलली तेवढी."

यज्ञदत्ताने तिच्याकडे पाहिलं. "आजी, तुमचे उपकार. माझी बायको घरी आहे, ओली बाळंतीण. मी येतोय म्हणून तिला निरोप द्याल?"

भामाबाईने पदराने त्याच्या खांद्यावरची धूळ पुसली. सवयच होती ती. "देते निरोप," ती म्हणाली. "आधी घरी चला. चोवीस वर्षं उभे आहात."

फर्मान फाडलं गेलं. पण अर्ध्या शेतांत मंजिष्ठा आधीच लागली होती, म्हणून त्या वर्षी लोक एक वेळ जेवले. मेलं कुणी नाही. भाटांनी राजाच्या दूरदृष्टीची गाणी रचली, त्यांत बाजरी कुठेच नव्हती. मात्र प्रधानाने डाळिंबाला हात लावला की राजाची करंगळी ठणके, आणि पक्षी त्या दिवसापासून पुरतं बोलू लागले. असं ते राज्य ताळ्यावर आलं.

बाकीचे नऊ जण आपापल्या घरी गेले होते. या घरी चार पानं मांडली जात. बाप आणि लेक एका वयाचे, शेजारी बसत. सोमदत्त गार दुधावर दोनदा फुंकर घाली; यज्ञदत्तही घाली. वाढणारी भामाबाईच असे. तिने सगळं सांगितलं होतं आणि यज्ञदत्ताला ते पटलंही होतं. तरी दर घासाला तो दाराकडे बघे, कुणी तरुण बाई मूल कडेवर घेऊन आत येईल म्हणून. भामाबाई ते बघे आणि आणखी भाकरी वाढी.

चारुशीलेला विचारण्यासारखं पुष्कळ होतं. पण सोळा दिवस सरले होते, आणि तिचे तिन्ही प्रश्न राज्याच्या कामी आले होते.