ठकू कुंभारणीचा बेलमुरांबा

काल मठाच्या पंगतीत आमच्या धाकट्या सूनबाईंनी, कुमुदने, जे केले ते मला मुळीच आवडलेले नाही. मुरांब्याच्या मडक्यावरचे फडके वर करून तिने आत डोकावले आणि शेजारणीला म्हणाली, तळाला दोन फोडी आहेत, निम्म्या गावाला आज नुसता वास मिळणार. दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. त्या मडक्यात कोणी बघत नाही, फडक्याखालून हात घालून वाढायचे, ही मठाची रीत. का, हे तिने कधी विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते. आता सगळ्यांदेखत सांगते. गोष्ट आमच्याच घरच्या उतरलेल्या तोऱ्याची आहे, पण महाराजांची आहे, म्हणून लपवायची नाही.

केवळगीर महाराज आमच्या धोंडगव्हाणात आले ते ओढ्याकाठच्या महादेवापाशी उतरले. देऊळ एवढेसे, दोन माणसे वाकून आत शिरतील इतके. पण भोवती बेलाची दाट झाडे. चैत्रात फळे भरली, की महाराज ती स्वतः उतरवीत आणि येईल त्या बाईच्या ओटीत घालीत. म्हणायचे, "मुरांबा करा आणि ठेवा. लागेल." कशाला लागेल, हे सांगायचे नाहीत. कोणी फार खोदून विचारले तर हसायचे आणि चिलीम झटकायचे.

बेलाचे फळ तुम्हाला ठाऊक आहे. कवटी दगडासारखी, आत चिकट डिंक, चव तुरट. ते अर्धेकच्चे असताना फोडायचे, गोल चकत्या करायच्या, बिया आणि डिंक सळईने कोरून काढायचा, बोट रुतेपर्यंत उकडायचे आणि मग पाकात सोडायचे. दोन दिवस मोडतात. या कामात आमच्या आजेसासूबाई, द्वारकाबाई पाटलीण, यांचा हात धरणारे कोणी नव्हते. त्यांचा पाक असा, की बरणी उजेडाला धरली तर पलीकडचा माणूस ओळखावा. आणि हे त्यांना फार चांगले ठाऊक होते.

त्या वर्षी चांगली फळे द्वारकाबाईंनी निवडून नेली. मागे राहिलेली वेडीवाकडी ठकू कुंभारणीच्या वाट्याला आली. ठकू विधवा, चाकावर पोट. साखर कुठली, तिने गुळाचा पाक केला. चिनी मातीची बरणी कुठली, तिने आपल्याच भट्टीतले मडके घेतले, फोडी त्यात घातल्या, पातळ फडके टाकून दोन दिवस निवू दिले आणि मग मडके महाराजांना दाखवायला नेले. द्वारकाबाई तिथेच बसल्या होत्या. काळा पाक मडक्याच्या अंगातून पाझरत होता.

"ठके," त्या म्हणाल्या, "हा मुरांबा आहे की गाडीचं वंगण? आणि मडक्यात ठेवलायस तो कुणासाठी, मुंग्यांच्या वऱ्हाडासाठी?"

सगळ्या बाया हसल्या. ठकूही हसली, काय करणार. महाराजांनी मात्र पाझरलेल्या पाकाला बोट लावले, चाटले आणि म्हणाले, "मुंग्यांना आधी कळतं."

द्वारकाबाईंना ते झोंबले. घरी येऊन त्यांनी आपल्या सातही बरण्या भरल्या. आपला पाक कोणी बघेल, दृष्ट लावील, म्हणून निवायचीही वाट पाहिली नाही. पाकाची वाफ निघत असतानाच तोंडांना कापडाचे दादरे आवळले, वर मेण ओतले आणि माजघराला कुलूप घातले.

श्रावणात ओढ्याचे पाणी गढूळ झाले आणि गावात हगवण लागली. घराघरात माणसे आडवी. महाराजांनी निरोप धाडला, की आजाऱ्याला सकाळ-संध्याकाळ बेलाची एकेक फोड द्या आणि पाणी उकळून पाजा. पहिली बाई आली ती पाटलांच्या दारात. पालावरची कैकाडीण होती, भिवरा नावाची, नवऱ्यासाठी मागायला आली होती. द्वारकाबाईंनी सांगितले, हा मुरांबा लेकीच्या सासरी जायचा आहे, वाटायला नाही. भिवरा ठकूकडे गेली. मग सगळेच ठकूकडे जाऊ लागले.

ठकू घाबरून महाराजांकडे गेली. मडके लहान, गाव मोठे.

महाराज म्हणाले, "वरचं फडकं काढू नकोस. खालून हात घाल, हाताला लागेल ते दे. आत बघायचं नाही."

"का महाराज?"

"बघितलंस की मोजशील. मोजलंस की हात आखडेल."

ठकूने ते शब्द धरून ठेवले. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. ती हात घाली, फोड निघे. गावात दुसरे बोलणेच नव्हते. कोणी म्हणे मडक्याला तळघर आहे, कोणी म्हणे ठकूने फळे चोरून ठेवली होती. चुलीपाशी, पाणवठ्यावर एकच प्रश्न, आत आहे तरी किती?

नवव्या दिवशी द्वारकाबाईंची नात गोदू पडली. सहा वर्षांची पोर, दुपारपर्यंत डोळे खोल गेले. त्यांनी धावत माजघर उघडले, मेण फोडले. पहिल्या बरणीवर बोटभर बुरशी. दुसरीला दारूचा वास. कोंडलेल्या वाफेचे पाणी आत गळले होते आणि सातही बरण्या नासल्या होत्या.

द्वारकाबाई ठकूच्या झोपडीत गेल्या. ठकूने लगेच फडक्याखाली हात घातला, फोड काढली आणि म्हणाली, "बाई, ही आत्ताची. तिन्हीसांजेची न्यायला या." एवढे बोलून ती पाणी आणायला वळली. आणि द्वारकाबाईंना राहवले नाही. आठ दिवस सगळे गाव जे विचारत होते, ते दोन बोटांवर होते. त्यांनी फडके वर केले.

मडके रिकामे होते. आज रिकामे झालेले नव्हे. तळाचा गूळ वाळून तडकला होता आणि त्यावरून मुंग्यांची रांग चालली होती.

त्यांना रडूच कोसळले. गोदूची संध्याकाळची फोड आता कुठून येणार? आपणच बघितले, आपणच संपवले. नातीला हातातली फोड भरवून त्या तशाच महादेवापाशी गेल्या आणि सगळे कबूल केले.

महाराजांनी विचारले, "काय दिसलं?"

"काही नाही, महाराज."

"मग संध्याकाळी हात तुम्ही घालायचा. रांगेत जो पहिला असेल, त्याला आधी."

संध्याकाळी ठकूच्या दारात रांग लागली. पहिली उभी होती भिवरा कैकाडीण. तिला बघताच द्वारकाबाईंची मान खाली गेली. आत काही नाही हे त्या रांगेत एकट्या त्यांनाच ठाऊक होते. सगळ्या गावासमोर रिकामा हात बाहेर येणार, तोही हिच्यापुढे. घरी पोर तळमळत होती. त्यांनी डोळे मिटले आणि फडक्याखाली हात सारला.

बोटांना ओले लागले. गुळाच्या पाकात बुडालेली गार, जाड फोड हातात आली. त्यांनी ती भिवराच्या हातावर ठेवली. मग पुन्हा हात घातला, पुन्हा निघाली. रांग संपेपर्यंत त्या वाढत राहिल्या. शेवटची फोड गोदूची. तिसऱ्या दिवशी पोर उठून भाकरी मागू लागली.

द्वारकाबाईंनी महाराजांच्या पायावर डोके ठेवले. महाराज पाय मागे घेत म्हणाले, "इथं नव्हे. जिनं आठ दिवस बघितलं नाही, तिथं." तेव्हा पाटलीणबाई कुंभारवाड्यात चालत गेल्या आणि ठकूपुढे, सगळ्या बायांसमक्ष, वाकल्या. ठकू लाजून मडक्याआड लपली म्हणतात.

ते मडके म्हणजेच मठातले मडके. आता ऐक कुमुद, मान वर कर. डोकावलीस त्याचा मला राग नाही, ती खोड या घराण्याचीच आहे. पण तळ बघून तुला हसू आलं. माझ्या आजेसासूबाईंना रडू आलं होतं. उद्या पंगतीत मुरांबा तू वाढायचास. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आणि मधे हात आखडलास, तर गाठ माझ्याशी आहे.